गाडीपेक्षा विमा महाग

गेल्या पावसाळ्यातील एक सायंकाळ. रोझरी नुकतीच संपली होती आणि आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मोबाइल पुढे धरून लगबगीने पायऱ्या चढून आले. हे गृहस्थ खामगावातल्या एका जिनिंगमध्ये काम करतात. त्यांची थोरली मुलगी परिचारिका असून चार महिन्यांपूर्वी ती आयर्लंडला नोकरीसाठी गेली. मोबाइलच्या चौकटीत तिचाच चेहरा होता आणि तो रडवेला झाला होता.

हकीकत अशी : तिचे रुग्णालय गावाबाहेर आहे. सकाळची पाळी आठाच्या आत सुरू होते आणि त्या वाटेची पहिली बस त्यानंतर येते. सहकारी भगिनींच्या गाडीतून किती दिवस जाणार? म्हणून तिने जुनी मोटार घ्यायचे ठरविले. तीन हजार युरोची गाडी पसंत केली. पण वर्षाच्या विम्याचा आकडा आला चौतीसशे युरो! वडिलांना हा हिशेब काही केल्या उमगत नव्हता. ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "फादर, गाडीपेक्षा इमाच महाग! असं काहून?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हांला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी आयर्लंडमध्येच एका विमा मध्यस्थाच्या टेबलासमोर बसून आम्ही तो अगदी याच स्वरात विचारला होता. त्याचे उत्तर मिळायला मात्र आम्हांला खामगावी परत यावे लागले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०१५ साली आमच्या बिशपांच्या परवानगीने आम्ही तीन वर्षांसाठी आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात सेवेसाठी गेलो. जाण्यापूर्वी त्या परगण्याचे नाव आम्ही ऐकलेदेखील नव्हते. परंतु तेथे पोहोचल्यावर कळले की, खामगावचे आणि त्या भूमीचे एक जुने नाते आहे. १८७० साली खामगाव ते जलंब हा आगगाडीचा आठ मैलांचा फाटा सुरू झाला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे लवकर जावा म्हणून. त्याच्या उद्घाटनास आलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे आयरिश गृहस्थ. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे त्यांचा खून झाला. त्यांचा देह मायदेशी नेऊन किल्डेअरमधील जॉन्सटाउन या खेड्यात, एका पडक्या प्राचीन देवळाच्या आवारात पुरण्यात आला. आम्ही त्या थडग्यापाशी उभे राहिलो तेव्हा मनात आले, हा माणूस आमच्या गावी आला तेव्हा त्याची ओळख पटवून द्यायला सारे सरकार पुढे होते. आमची ओळख पटवून द्यायला येथे कोण आहे?

हा विचार त्या दिवशी सुचायला कारण होते. आमच्याकडे तीन देवळे सोपविलेली होती. एका देवळातून दुसऱ्यात जायला सात-आठ किलोमीटर, आणि रविवारी तिन्ही ठिकाणी मिस्सा. मोटारीवाचून इलाज नव्हता. वाहन आपल्याकडच्यासारखे डाव्या बाजूने चालवायचे, एवढी एक गोष्ट सोयीची होती.

गाडी घेणे त्या मानाने सोपे गेले. धर्मग्रामातील एका कुटुंबाकडून २००६ सालची एक लहान टोयोटा आम्ही बावीसशे युरोला घेतली. तिथल्या गाडीच्या पाटीवर वर्ष आणि परगणा दोन्ही लिहिलेले असतात. '०६' म्हणजे २००६ आणि 'केई' म्हणजे किल्डेअर. आपल्या 'एमएच-२८' वरून जसा बुलडाणा जिल्हा कळतो तसेच. चार वर्षांहून जुन्या गाडीला ठरावीक मुदतीने राष्ट्रीय चाचणी द्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, धूर हे सारे तपासून प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र पाहावे, गाडीवर कोणाचे कर्ज उरले नाही ना याची चौकशी करावी, आणि मग विकणाऱ्याने नोंदणीपत्रावर सही करून ते शॅनन येथील सरकारी कार्यालयाकडे टपालाने धाडावे. काही दिवसांत नव्या मालकाच्या नावाचे पत्र घरी येते. आर.टी.ओ.च्या आवारात झाडाखाली उभे राहण्याची सवय असलेल्या आम्हांला हा टपाली कारभार फारच सुटसुटीत वाटला.

घोडे अडले ते विम्यापाशी. विम्याचे चिटोरे काचेला लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती. मध्यस्थाने विचारले, "तुम्ही किती वर्षे गाडी चालविता?" आम्ही छाती पुढे काढून सांगितले, "पंचवीस वर्षे. आजवर कोणाला खरचटलेही नाही." त्याने नम्रपणे पुढचा प्रश्न केला, "ते सांगणारा कागद?"

कागद आमच्यापाशी नव्हता. भारतात आम्ही जीप चालविली ती संस्थेची. नोंदणी संस्थेच्या नावे, विमा संस्थेच्या नावे. आपल्याकडे वर्षभर दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते आणि ती वाढत जाऊन पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर पोहोचते. हा 'नो क्लेम बोनस' गाडीला नसतो, मालकाला असतो. आमच्या पंचवीस वर्षांच्या सावधपणाचे पुण्य असे एका न्यासाच्या खाती जमा झाले होते! आम्ही भारतातील विमा कंपनीला पत्र पाठविले. उत्तर आले की, वाहन संस्थेचे आहे, चालक कोण याची नोंद आमच्याकडे नसते. सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, धर्मगुरूने आपल्या नावावर काही ठेवू नये. ते आम्ही बऱ्यापैकी पाळले. त्याची किंमत युरोत मोजावी लागेल, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीने होकार दिला, पण हप्ता सांगितला सव्वीसशे पन्नास युरो. गाडी बावीसशेची! आम्ही मनातून फार दुखावलो. खामगावच्या सराफ्यात चांदी घ्यायला लोक दूरदूरच्या गावांहून येतात, ते पेढीच्या नावावर विसंबून. पिढ्यान् पिढ्या माल चोख दिला, म्हणून त्या नावाला पत आली. आमचेही नाव इकडे चोख होते. पण समुद्र ओलांडताच ते नाणे खोटे ठरावे, याचा अपमान वाटला.

याच वेळी मोह समोर आला, आणि तो मोठ्या प्रेमळ रूपात आला. धर्मग्रामातील एक निवृत्त शेतकरी म्हणाले, "फादर, चाळीस वर्षांत मी एकही दावा केलेला नाही. विमा माझ्या नावे काढू. मुख्य चालक मी, आणि तुमचे नाव जादा चालक म्हणून घालू. सहाशे युरोत काम होईल." आम्हांला ही सूचना देवदूताच्या निरोपासारखी वाटली. अर्ज आला, आम्ही तो टेबलावर पसरला. त्यात एक प्रश्न होता : गाडी मुख्यत्वे कोण चालविणार? तेथे त्या आजोबांचे नाव लिहायचे ठरले होते.

देवघराची व्यवस्था पाहणाऱ्या एक वृद्ध विधवा बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चष्मा सावरून अर्ज वाचला आणि शांतपणे विचारले, "म्हणजे रविवारी तिन्ही देवळांत मिस्साही तेच म्हणणार का?"

आम्ही खजील झालो. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली. तरुणपणी सायकलवरून जात असता एका विमा नसलेल्या मोटारीने त्याला उडविले. तो वाचला, पण पुन्हा नांगर धरू शकला नाही. गाडीवाल्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते. तरीही भावाला भरपाई मिळाली. कारण त्या देशात १९५५ पासून विमा कंपन्यांनी मिळून चालविलेली एक संस्था आहे. विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या वाहनाने कोणाला इजा केली, तर ती संस्था भरपाई देते. "आणि ते पैसे येतात कुठून?" बाई म्हणाल्या. "प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांच्या खिशातून. खोटे लिहून तुम्ही जे वाचवाल, ते माझ्या हप्त्यात येईल, फादर."

आम्ही अर्ज फाडला. धर्मग्रामाच्या वित्त समितीपुढे खरा आकडा ठेवला आणि तिच्या संमतीने मासिक हप्त्यांनी सव्वीसशे पन्नास युरो भरले. भारतीय परवान्यावर वर्षभरच गाडी चालविता येत होती आणि त्याच्या बदल्यात तिथला परवाना मिळत नव्हता. म्हणून वयाच्या पंचेचाळिशी उलटल्यावर आम्ही लेखी परीक्षा दिली, शिकाऊ परवाना काढला, प्रशिक्षकाचे सक्तीचे धडे गिरविले आणि रस्त्यावरच्या चाचणीत नापास झालो! परीक्षकाने लिहिले होते की, उमेदवार वळताना आरशात पाहत नाही. शेगाव रस्त्यावर आम्ही आरशापेक्षा हॉर्नवर अधिक विसंबत असू, हे त्याला काय ठाऊक? दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो. एक निर्दोष वर्ष आणि तिथला परवाना एवढ्या दोन गोष्टी हाती येताच पुढचा हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला. तरीही खरे सांगायचे तर, मनातली अढी गेली नव्हती. एवढे पैसे आमच्याकडून विनाकारण घेतले, असेच आम्हांला वाटत राहिले.

२०१८ साली आम्ही परतलो. पुढच्याच पावसाळ्यात खामगावजवळ एक अपघात झाला. आमच्या धर्मग्रामातील एक गवंडी सायंकाळी काम आटोपून रस्त्याच्या कडेने पायी घरी येत होता. मागून आलेल्या दुचाकीने त्याला धडक दिली. दुचाकीवर विशीतला एक मुलगा होता, शेतमजुराचा. तो पळाला नाही. त्यानेच रिक्षा थांबविली, गवंड्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि रात्रभर बाहेर बसून राहिला. गवंड्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दावा दाखल करायचा म्हणून आम्ही वकिलांकडे गेलो आणि तेथे कळले की, त्या दुचाकीचा विमा नव्हता. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा 'थर्ड पार्टी' विमा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तसे झाले. पण ही गाडी जुनी, तिसऱ्या हाती विकलेली. तिची पॉलिसी केव्हाच संपली होती. न्यायाधिकरणाने मुलाला भरपाई द्यायला सांगितले तरी तो देणार कोठून? त्याच्या बापाच्या नावावर एक पत्र्याचे घर होते.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजही आमच्या मनाला बोचते. ठोकर मारून पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर सरकार जखमीला ठरावीक रक्कम देते. तेव्हा ती अगदीच तुटपुंजी होती; १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये झाली. पण येथे वाहन माहीत होते, चालक माहीत होता, म्हणून तीही नाही. म्हणजे तो मुलगा अंधारात निसटला असता, तर गवंड्याच्या हाती चार पैसे पडले असते! मुलगा माणुसकीने वागला आणि दोन्ही घरे बसली. गवंड्याची पत्नी धुण्याभांड्याची कामे करू लागली, आणि त्या मुलाने दुचाकी विकून आलेले पैसे तिच्या हातात ठेवले. पुढे तो कामासाठी सुरतेला निघून गेला.

आम्ही वकिलांच्या घरून परतलो ते मनात रागाचे शब्द जुळवीत. येत्या रविवारच्या प्रवचनात या बेफिकीर लोकांना चांगले खडसवायचे, असे ठरविले. कायद्याचा आधार हवा म्हणून जीपचे कागद काढले. आणि वाचकहो, आमचे हात थबकले. धर्मग्रामाच्या जीपची पॉलिसी संपून सतरा दिवस झाले होते.

त्या सतरा दिवसांत आम्ही काय केले नव्हते? आसपासच्या वस्त्यांवरून मुलांना गाडीत बसवून धर्मशिक्षणाला आणले होते. रात्री दोन वेळा रुग्णांकडे गेलो होतो. बाजाराच्या दिवशी भर गर्दीतून गाडी काढली होती. काहीही घडले नाही, यात आमचे कर्तृत्व कोणतेच नव्हते. नूतनीकरण नव्वद दिवसांच्या आत केले तर बोनस शाबूत राहतो, असे दुसऱ्या दिवशी विमा प्रतिनिधीने आम्हांला हसत सांगितले. आमच्या बोनसला नव्वद दिवसांची सवलत होती. पण त्या दिवसांत कोणी आमच्या चाकाखाली आला असता, तर त्याच्यासाठी एका दिवसाचीही सवलत नव्हती. शेतमजुराच्या मुलात आणि आमच्यात एवढाच फरक होता की, आमच्या वाटेत कोणी आले नाही.

रविवारी आम्ही खडसविले नाही. वेदीसमोर उभे राहून सतरा दिवसांची गोष्ट सांगितली. मग विचारले, "आपल्या गाडीची पॉलिसी कोणत्या तारखेला संपते, हे ज्यांना आता सांगता येईल त्यांनी हात वर करावा." देवळाबाहेर दुचाकींची रांग लागलेली होती. आत वर झालेले हात मोजायला आम्हांला वेळ लागला नाही.

तेव्हा कुठे आम्हांला त्या सव्वीसशे पन्नास युरोंचे उत्तर मिळाले. 'थर्ड पार्टी' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो, पण हा तिसरा कोण, याचा विचार करीत नाही. पहिला गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी. आणि तिसरा तो, जो करार होतो तेव्हा हजर नसतो, ज्याची सही नसते, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. तो रस्त्याच्या कडेने घरी चाललेला असतो. आपल्या देशात १९४६ पासून हा विमा सक्तीचा आहे आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ तेच सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु आपण पॉलिसी काढतो ती पोलिसांनी अडविले तर दाखवायला. त्या तिसऱ्यासाठी ती आहे, हे आमच्यासारख्या शिकलेल्या माणसालाही पन्नाशीजवळ आल्यावर कळले.

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील! पण त्यातील एका गोष्टीकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. तो प्रवासी त्या मुलखात परका होता. जखमीला त्याने उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना देण्याचा शब्द दिला. आकडा न ठरविता दिलेला तो शब्द होता. 'थर्ड पार्टी' विम्यातही माणसाच्या मृत्यूला वा इजेला आपला कायदा वरची मर्यादा घालीत नाही. शोमरोन्याने तर दुसऱ्यांनी केलेल्या जखमेची जबाबदारी घेतली. आपण निदान आपल्या चाकाने होणाऱ्या जखमेची आधीच घेऊन ठेवावी, एवढेच कायद्याचे मागणे आहे. आणि उतारशाळेच्या मालकाने त्या परक्याचा शब्द मानला. विमा कंपनी तसा मानत नाही, ती हप्ता मागते. परक्याची पत एका वर्षाने तयार होते. तोवर त्याच्या चुकीची जोखीम कोणीतरी सोसायची असते.

हे सारे त्या सायंकाळी मोबाइलवर सांगणे शक्य नव्हते. आम्ही त्या मुलीला कामापुरते सांगितले. "बाळ, इथे तुझ्या स्वतःच्या नावाने स्कूटी होती ना? तिच्या विमा कंपनीकडून दावा केला नसल्याचे पत्र तुझे बाबा उद्याच मागतील. सगळ्याच कंपन्या ते मानतील असे नाही, पण विचारायला हरकत नाही. एका मध्यस्थावर थांबू नकोस, दोघा-तिघांकडे जा. तीन कंपन्यांनी नकार दिला, तर तिथल्या विमा कंपन्यांच्या संघटनेकडे दाद मागता येते. ती नकारपत्रे जपून ठेव. गाडी लहान इंजिनाची घे. तिथल्या परवान्याची लेखी परीक्षा लगेच दे. आणि कोणी सीनियर भगिनी प्रेमाने म्हणाली की, विमा माझ्या नावावर काढ, तर तिचे आभार मान आणि नको म्हण."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, एकीने कालच तसं म्हटलं. मी हो म्हणून बसले."

"आम्हीही हो म्हणून बसलो होतो," आम्ही म्हणालो.

वडील आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिलेच होते. आम्ही त्यांना गवंड्याची आठवण दिली. तो आता देवळाच्या फाटकाजवळ मेणबत्त्या आणि फुले विकतो, त्याच्या कुबड्या भिंतीला टेकलेल्या असतात. ५ मे २०२५ पासून देशात अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. ती तेव्हा असती तर त्याचा दवाखान्याचा खर्च वाचला असता. पुढच्या आयुष्याची भाकर तिच्यातूनही मिळाली नसती.

गृहस्थांनी थोडा विचार केला. "म्हंजे पोरगी तिकडच्या गवंड्यासाठी भरून राह्यली," ते म्हणाले. मग खिशात मोबाइल ठेवून ते उठले आणि पायऱ्या उतरून आपल्या दुचाकीपाशी गेले. त्यांनी सीट उचलली, आतून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढले आणि ओसरीच्या दिव्याखाली येऊन तारीख वाचू लागले.